भिंतीकडे तोंड केलेली हलगी

भाद्रपद उतरणीला लागला, की आमच्या माणदेशातलं ऊन धुवून वाळत घातलेल्या धोतरासारखं स्वच्छ आणि कडक होतं. अशा उन्हात आंतोनआप्पांचं वर्षातलं एक काम ठरलेलं असे. आढ्याखालच्या खुंटीला भिंतीकडे तोंड करून टांगलेली हलगी ते खाली उतरवत. दमट दिवसांत चामड्यावर धरलेली बुरशी तेलाच्या चिंधीने पुसत, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा तिच्यावरून तळवा फिरवत आणि अंगणातल्या दगडाला टेकवून तिला उन्हं दाखवत. दुपार कलेपर्यंत चामडं ताणून बसे. मग आप्पा इकडेतिकडे बघत, कुणी नाही अशी खात्री करून घेत आणि तर्जनीच्या नखाने तिच्या मधोमध एकच टिचकी मारत. त्या टिचकीतून उमटणारा नाद रिकाम्या घागरीत पडलेल्या थेंबासारखा असे. गोल, एकाकी, आणि आपल्या भोवती केवढी पोकळी आहे याची जाणीव देणारा. तो विरेपर्यंत आप्पा मान वाकडी करून ऐकत राहत. विरला, की हलगी पुन्हा खुंटीला आणि तोंड पुन्हा भिंतीकडे. वर्षाकाठी तेवढाच एक सूर त्या घराच्या वाट्याला येई.

आप्पा माझे थोरले चुलते. वडील गेल्यावर त्यांनी आणि कत्रीकाकूने मला वाढवलं. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. ती होऊ द्यावी. साताऱ्याला बी. ए. झाले, सांगलीत शाळेवर लागले, हळदीच्या वासाच्या त्या शहरात भाड्याची खोली केली. पण सणावाराला पाय वळायचे ते माणाकडेच, जिथे बाभळींच्या सावल्यासुद्धा काटकसरीने पडतात.

हलगी भिंतीकडे का वळली, हे सांगितल्याशिवाय आप्पा सांगून होणार नाहीत. गावात लग्न निघो, बैल मिरवो की माणूस मरो, पुढे हलगी लागे आणि हलगीमागे आमची वस्ती लागे. बोलावणं आलं, की समोरच्या ताटावरून उठायचं. वाजवून झालं, की दाराबाहेर उभं राहायचं. वरून भाकरी पडे, ती झेलायची. आप्पांच्या ऐन उमेदीत वस्ती ख्रिस्ती झाली, माळाच्या कडेला कौलारू देऊळ उभं राहिलं. थोड्याच दिवसांत पाटलांची म्हातारी वारली. रविवार होता, देवळात मिस्सेची उपासना चालली होती, आणि हलगीचा सांगावा देवळाच्या दारापर्यंत येऊन उभा राहिला. आप्पा गुडघ्यांवरून उठले नाहीत.

त्या न उठण्याची शिक्षा साऱ्या वस्तीने भोगली. विहीर बंद झाली, रानातलं काम बंद झालं. बायाबापड्या ओढ्याच्या वाळूत झरे उकरून गढूळ पाणी भरू लागल्या. त्या उन्हाळ्यात काकूच्या कडेवरचं लेकरू हगवणीने गेलं. वस्तीतल्या मयतापुढेही हलगी वाजवायची रीत होती, पण आप्पांनी वाजवायची नाही म्हटलं ते नाहीच. पोटच्या पोरासाठीही त्यांनी ती खुंटीवरून काढली नाही. ते चिमुकलं ओझं नुसत्या पावलांच्या आवाजात माळावर गेलं. काकू त्याबद्दल कित्येक वर्षं अवाक्षर बोलली नाही. आणि त्या न बोलण्यानेच तिने ते कुणाला विसरू दिलं नाही.

मला आप्पा आठवतात ते देवळातल्या उजेडात. पूर्वेच्या झरोक्यातून ऊन तिरपं उतरे, धुपाच्या धुरात त्याला जडपणा येई, आणि त्या उजेडाच्या खांबाला टेकल्यासारखे आप्पा उभे असत; उंच, काळेभोर, गळ्याची घाटी वरखाली होणारी. त्यांचा आवाज रानातल्या वाऱ्यासारखा, वरच्या पट्टीत कोरडा आणि खाली उतरताना ओला. त्या काळी उपासना लॅटिनमध्ये होई. आप्पांना तिच्यातलं अक्षर कळत नसे, पण सगळी गीतं कानाने उचललेली, माणदेशी स्वरांत घोळलेली, मुखोद्गत. मी एकदा त्यांना विचारलं होतं, न कळणारं गाताना तुम्हाला काय वाटतं? ते मिशीत हसले. "पाटलाला बी कळत न्हाई गं ही बोली. शाळामास्तराला न्हाई, मामलेदाराला न्हाई. आपल्या एकट्याची हाय." त्या भाषेने त्यांना कधी 'अरे' म्हटलं नव्हतं, कधी दाराबाहेर उभं केलं नव्हतं. ती दूर होती, म्हणून पवित्र होती. आणि तिच्यात उभं राहिलं, की गाव खाली राही.

मात्र गाताना त्यांचे हात बघावेत. डाव्या हाताने ते उजव्याचं मनगट गच्च धरून ठेवत. लोकांना ती भक्तीची मुद्रा वाटे. मी लहानपणापासून शेजारी उभी राहत आले, मला माहीत होतं, की तो उजवा हात सोडला तर चालायला लागेल. पेटीचा भाता ताल सोडून पुढे धावला, की आप्पांच्या मनगटावरची शीर उडे. सूर देवाकडे जात असे आणि ताल हातांत कोंडून राहत असे.

मग मिस्सा मराठीत आली. काकूला केवढं बरं वाटलं! "इतकी वर्सं मागत काय हुतो, त्येचाच पत्त्या न्हवता. आता कळलं, आन् बघितलं तर मागायचं लय ऱ्हायलंय." आप्पा तिच्यावर खेकसत. "तुला समदं कळायलाच पायजे व्हय गं? देवाचं घर हाय, का आठवड्याचा बाजार?"

"आवं, कळल्याबिगर मान हलवतो त्येला नंदीबैल म्हंत्यात," भाकरी थापता थापता काकू ऐकवी, आणि आप्पांना उत्तर सुचेपर्यंत भाकर तव्यावर फुगलेली असे.

आप्पांनी मराठी गीतं पाठ केली, म्हटली, इमानाने म्हटली; पण त्यांच्या आवाजातली ती उंचावर बसल्याची ऐट मावळली. शब्द कळू लागले आणि शब्दांच्या मागून रोजचं जगणंही देवळात शिरलं. भाकर, कर्ज, पाणी, वैरी. आधी जिथे नुसता आकाशाएवढा नाद होता, तिथे आता अर्थ उभे राहिले होते आणि प्रत्येक अर्थाला कुठे ना कुठे ठणका होता.

एका भाद्रपदात त्या टिचकीला एक श्रोता मिळाला. फादर नवे होते, वसईच्या किनाऱ्याकडून आलेले, सायकलवरून वस्त्या फिरणारे. कुडाच्या पलीकडे ते सायकल धरून उभे होते, आणि नाद विरल्यावरही उभेच होते. त्यानंतरचे कित्येक महिने त्यांनी आप्पांचा पिच्छा सोडला नाही. ईस्टरच्या सकाळी, गौरवगीताच्या वेळी, देवळात हलगी वाजली पाहिजे. लोकांनी आपलं जे आहे ते वेदीपाशी न्यायचं, त्यालाच उपासना म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. बोलत ते मनापासून, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

नाताळच्या सुट्टीत मी भांडले. "फादर, तुम्हाला ती आमची कला वाटते. आमच्या गळ्यातली ती दोरी होती. माझ्या माणसांनी ती तोडली, म्हणून मी आज तुमच्याशी अशी बोलते आहे."

"दोरी कुणी बांधली ते मला माहीत आहे, मार्था," ते म्हणाले. "पण नाद तर तुमच्याच हातांचा आहे ना?"

आप्पा उंबऱ्यावर बसून चंची उघडत होते. पान जुळवून त्यांनी चंची गुंडाळली. मग म्हणाले, "फादर, आमी हितं येतो ते काय न्यायला न्हवं. ठिवायला येतो. डोस्क्यावरचं खाली ठिवायला." फादरांचा चेहरा पडला. देवळात माणसाने आपलं सगळं घेऊन जावं, की सगळं बाहेर ठेवून आत शिरावं, हा तंटा त्या उंबऱ्यावर मिटला नाही. माझ्या मनात तो अजूनही मिटलेला नाही.

त्या वर्षी ईस्टरआधीचा पवित्र आठवडा चैत्राच्या तोंडावर आला. लिंबांना मोहर होता, माळावर वावटळी उठून आपल्याच भोवती फिरून मरत होत्या. आज्ञागुरुवारच्या संध्याकाळी रीतीप्रमाणे घंटा मुकी झाली, पेटीवर जांभळं फडकं पडलं. ईस्टरपर्यंत आता देवळात वाद्य नाही. हाक द्यायला फक्त लाकडी खडखडा, हाडांवर हाडं आपटल्यासारखा कोरडा. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी येशूच्या छळाचं आणि मरणाचं वेदना-वाचन झालं, यंदा सगळं मराठीत. आप्पा मनगट धरून ऐकत होते. येशूला नगराबाहेर नेलं, हे वाक्य आलं आणि त्यांनी मान वर केली.

घरी परतताना त्यांनी मला विचारलं, "मार्थे, वेशीभाईर नेऊन मारलं न्हवं त्येला?"

"व्हय, आप्पा."

"म्हंजी आपल्याकडंच." दहा पावलं ते वाटेकडे बघत चालले. मग स्वतःशीच पुटपुटले, "आन् म्होरं वाजवाय कोन न्हवतं."

सांज पडायच्या आत वस्तीतून ख्रिस्ताच्या मयताची मिरवणूक निघायची होती. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लाकडी मूर्ती, बाभळीच्या दांड्यांची तिरडी. आम्ही निघायच्या तयारीत असताना आप्पांनी खुंटीवरून हलगी काढली. अंगणात पाचोळा पेटवला आणि त्याच्या धगीवर चामडं फिरवू लागले. तापल्या चामड्याचा वास घरभर पसरला. माझ्या जन्मात मी तो वास घेतलेला नव्हता, पण काकूने घेतलेला होता. ती माजघरातून बाहेर आली, दाराची चौकट धरून उभी राहिली. इतक्या वर्षांचं मिटलेलं तोंड तिने उघडलं.

"माज्या लेकराला न्हाई वाजवलीसा तुमी."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. जाळावरची हलगी उलटीपालटी करत ते म्हणाले, "तवाची बी आजच वाजवतो, कत्रे."

काकू पदर तोंडात धरून खाली बसली. मी तिच्यापाशी गेले, तर तिने मला हाताने लोटलं. "जा. म्होरं जा. आईक काय वाजवत्यात ते, मला सांगाय यील तुला." स्वतः मात्र थोड्या वेळाने उठून आलीच, सगळ्यांच्या मागून, अनवाणी.

त्या वाजवण्याचं वर्णन करायला माझ्याजवळ पदवी आहे, पण शब्द नाहीत. उजव्या हातातलं जाड टिपरू एकेक ठोका धरणीला खिळ्यासारखा ठोकत होतं, डाव्या हातातली बारीक काडी त्या ठोक्यांच्या मधल्या जागा थरथरत भरत होती; जसा मोठ्या माणसाचा हुंदका आणि त्याला धरून चाललेल्या लेकराची मुसमुस. आप्पांच्या चेहऱ्यावर भाव नव्हता. सगळा चेहरा हातांत उतरला होता. वर्षानुवर्षं मनगटात डांबून ठेवलेलं रक्त मोकळं सुटावं, तसे ते हात चालले होते, आणि मावळतीचं तांबडं ऊन प्रत्येक ठोक्यासरशी चामड्यावरून सांडत होतं. फादरांनी ज्या सणासाठी हलगी मागितली, तो सोडून आप्पांनी ती दिली वाद्याला मनाई असलेल्या दिवशी. फादरांनी अडवलं नाही. ते तिरडीमागून चालत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थनेसाठी की ठोका मोजण्यासाठी, सांगता येत नाही. मी, जी महिनोन् महिने ह्या हलगीच्या विरुद्ध बोलत होते, तिच्या तालावर पाऊल टाकत होते. मन मानत नव्हतं, पाय मानत होते.

माळावर आवाजाला अडवायला काही नसतं. तो गावात गेला.

शनिवारी उन्हं चढल्यावर पाटलांचे पुतणे बापूराव आमच्या अंगणात आले. आले तेही हसतमुख, पायताण बाजूला काढून. काकूने घोंगडं अंथरलं.

"आप्पा, काल काय वाजवलीसा हो! आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतनं पानी आलं. म्हनले, हात अजून तसाच हाय."

"वय झालं आता," आप्पा म्हणाले.

"सोमवारी जत्रंची पालखी हाय. म्होरं हलगी तुमची. मानानं बोलवाय आलोय, मागलं समदं इसरा."

"न्हाई जमायचं, बापूराव."

बापूरावांचं हसू ओठांवर होतं तिथेच राहिलं. "का वं? तुमच्या देवाला वाजवली. आमच्या देवाला काय वंगाळ हाय?"

अंगणात एव्हाना वस्ती जमली होती. प्रश्न असा होता, की नाही म्हणावं तर देवाचा अपमान, हो म्हणावं तर गेलेल्या लेकराचा. मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलं, तर आप्पांनी हात वर केला.

"देवाशी माजं भांडान न्हाई. सांगावा देवानं धाडला असता, तर इचार केला असता. पर सांगावा तुमच्या घरनं आलाय."

"आता एकदा वाजली न्हवं? आता का न्हाई म्हनून चालतंय, गड्या?" आवाज अजून मऊच होता, पण 'आप्पा' जाऊन 'गड्या' आला होता. कानाला कळलं. सगळ्यांनाच कळलं. ओढ्यातल्या वाळूचे झरे प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

आप्पा उठले. घरात गेले आणि हलगी घेऊन आले. बापूरावांना वाटलं, मानले. कुडाला खोचलेला विळा आप्पांनी ओढला आणि आदल्या सांजेच्या जाळाने अजून ताणलेल्या त्या चामड्यात मधोमध घातला. जिथे दर भाद्रपदात नखाने टिचकी मारत, बरोबर तिथे. चामडं फाटतानाही वाजलं. तो हलगीचा शेवटचा आवाज.

"आता हाय का काय वाजवाय?" आप्पांनी विचारलं.

बापूराव पायताण घालून गेले. विहीर पुन्हा बंद झाली नाही, काळ तेवढा बदलला होता. पण अंगणात कुणाला जिंकल्यासारखं वाटलं नाही. काकू पुढे झाली, चिरलेल्या चामड्याचे दोन्ही ओठ जुळवून बघू लागली, जखमेचे बघावेत तसे. "एकच दिस वाजली हो," एवढंच ती म्हणाली. कुणासाठी, ते वस्तीत विचारावं लागलं नाही.

बातमी ऐकून फादर धावत आले. हलगीच्या लोखंडी कड्यातून लोंबणारं चामडं बघून ते त्याच्यापाशी खाली बसले. आप्पांनीच त्यांची समजूत काढली. "उद्याच्याला देव उठंलच, फादर. त्येला हलगीची वाट बघावी लागत न्हाई."

ईस्टरच्या पहाटे घंटा सुटली, पेटीवरचं फडकं निघालं, मेणबत्त्यांच्या उजेडात वस्तीची तोंडं उजळली. गौरवगीत सुरू झालं. फादरांनी क्षणभर, सवयीने असावं किंवा आशेने, आप्पांकडे बघितलं. आप्पांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलेलं होतं. पण आता धरायची गरज उरली नव्हती. आत काही धडपडत नव्हतं. मी शेजारी उभी होते, मला दिसत होतं. तो हात म्हाताऱ्या माणसाचा हात झाला होता.

आप्पा त्यानंतर फार वर्षं जगले नाहीत. एका श्रावणात, पाऊस नावापुरता पडून गेल्यावर, ते गेले. मी सांगलीहून पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. फादरांनी मराठीत प्रार्थना म्हटल्या, वस्तीने मराठीत गीतं म्हटली, आणि माळाच्या वाटेवर गीत थांबलं तेव्हा उरला तो पावलांचा आवाज. हाच आवाज त्यांच्या लेकरामागून गेला होता. मी चालता चालता ऐकत होते, की दोन पावलांच्या मधली जागा कुणी भरतंय का. कुणी भरत नव्हतं. शेवटी मी माझ्याच उजव्या हाताकडे पाहिलं, तर मी त्याचं मनगट धरून चालले होते.

त्या भाद्रपदात मी पुन्हा गेले. अंगणात काकू एकटी बसलेली. तिने खुंटीवरचं लोखंडी कडं काढलं होतं. कुजकं चामडं केव्हाच सुटून गेलेलं. कडं तिने तेलाच्या चिंधीने पुसलं आणि नेहमीच्या दगडाला टेकवून उन्हात ठेवलं.

"आता काय वाळवायचं ऱ्हायलंय, काकू?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. त्येंची येळ हाय ही."

दुपार कलली. कड्याची सावली भुईवर लांबट गोल पडली, आणि त्या गोलाच्या आत ऊन होतं, अखंड, ताणून बसवल्यासारखं. काकूने बोट पुढे केलं आणि त्या उन्हाच्या मधोमध, मातीवर, नखाने एकदाच टिचकी मारली. मग आम्ही दोघी मान वाकडी करून बसून राहिलो. काळ माणसाचा नाद घेऊन जातो, कडं मात्र मागे ठेवतो. आणि गेलेल्याची आठवण म्हणजे कदाचित त्या रिकाम्या कड्यात, त्याच वेळेला, दरवर्षी येऊन बसणारं ऊन.